बापाच्या जागेवरची काठी

खूप जुन्या काळी, डोंगराच्या कुशीत एक गाव होते. गावाची सभा देवळापुढच्या दीपमाळेपाशी भरे. दीपमाळेच्या डावीकडे बसणारे म्हणत, "रान सगळ्यांचे, ते मोकळे राहू द्या." उजवीकडचे म्हणत, "राखील त्याचे रान, त्याला कुंपण घालू द्या." निर्णयाची वेळ आली की लोक आपापल्या बाजूच्या कारभाऱ्याबरोबर काठी वर धरत. जिकडे काठ्या जास्त, त्यांचे म्हणणे गाव मानी.

गावात एक म्हातारा मेंढपाळ होता. त्याचा बाप डावीकडे बसे, म्हणून तोही तिथेच बसे. त्याच्या मेंढ्या मोकळ्या रानावर जगत होत्या, तेव्हा त्याला कधी विचार करावा लागला नाही.

कारभाऱ्यांना मात्र करावा लागे. पलीकडची माणसे ओढायची, तर त्यांच्या मनासारखे थोडे बोलायला हवे. डावीकडचा कारभारी आधी म्हणाला, बांधापुरते कुंपण चालेल. पुढे म्हणाला, ओढ्यापर्यंतही चालेल. उजवीकडच्याने मेंढपाळांसाठी थोडे रान मोकळे सोडले, मग आणखी थोडे. अशी वर्षे गेली. माणसे जागच्या जागी बसून राहिली आणि बोलणे इकडचे तिकडे गेले.

म्हाताऱ्याच्या सुनेच्या हे ध्यानात आले होते. सभेला निघताना ती म्हणाली, "मामंजी, आज मी उजवीकडं बसणार. तुम्ही निदान ऐका तरी, आपले लोक काय बोलत्यात ते."

म्हातारा दुखावला. "माझ्या बापाची जागा हाय ती, पोरी. तिथं काय ऐकायचं?"

सभेत डावीकडचा कारभारी बराच वेळ बोलला. म्हाताऱ्याला डुलकी लागली. शेजारच्याची काठी उठली, तशी त्याचीही उठली. समोर बसलेल्या सुनेची काठी खालीच होती. त्या एका काठीने निकाल फिरला.

दुसऱ्या दिवशी मेंढ्या रानाच्या तोंडाशीच अडल्या. वाटेवर बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातलेले होते. म्हातारा धापा टाकत कारभाऱ्याकडे गेला. "कारभारी, आपली बाजू तर मोकळ्या रानाची ना?"

"व्हती, बाबा. पण बदललं ते आम्ही लपवलं न्हाई. भर सभेत सांगितलं, आन् तुमची काठी वर व्हती."

म्हातारा माघारी वळला. चारा नाही तिथे कळप राहत नाही. काही दिवसांतच तो मेंढ्या घेऊन कायमचा घाट उतरला. सून पुढे चालत होती. तिने एका शब्दानेही त्याला टोचले नाही, आणि म्हाताऱ्याला तेच फार लागले.

तात्पर्य: बाजूचे नाव तेच राहते, पण तिचे विचार बदलतात, म्हणून काठी उचलण्याआधी जागा पाहू नये, बोलणे ऐकावे.