रौप्यवेळेचा बांध

पाहुण्यांनो, ओहोटी लागली की या बांधाच्या दगडांतून काळ्या लाकडाच्या फासळ्या वर दिसतात. ती यक्षांची जहाजं. आमचं हे रौप्यवेळा बंदर त्यांच्याच आधारावर उभं आहे.

असं सांगतात, की पूर्वी इथे नुसती माणसांची कोळीवस्ती होती. एका वादळात यक्षांचा ताफा भरकटत या किनाऱ्याला लागला. उंच, टोकदार कानांची, शेकडो वर्षं जगणारी ती मंडळी. आमच्या पूर्वजांनी त्यांना घरात घेतलं, आपल्या ताटातलं वाढलं. जहाजं दुरुस्त झाली की ते पश्चिमेला, आपल्या बेटावर परतणार होते.

निघायची तयारी झाली आणि समुद्र खवळला. खाडीचं तोंड उघडं. लाटांनी अर्धी वस्ती नेली. लोकांनी तोंडावर दगड टाकले, तेही पाण्याच्या ओढीने वाहून गेले. तेव्हा यक्षांची जहाजं बांधणारी अनुवेणी पुढे आली.

"माझं जहाज दगडांनी भरा. तोंडावरच बुडवू."

यक्षांचा नायक वैरोच म्हणाला, "तुझी आई तिकडे वाट पाहतेय. जहाजाच्या लाकडाचं झाड इथे उगवत नाही. परत कशी जाशील?"

"जाऊन आईला काय सांगू? ज्यांनी जेवू घातलं, त्यांना बुडताना सोडून आले म्हणून?"

तिने जहाज तोंडावर नेलं आणि तळ फोडला. पण ओढीने ते कलंडू लागलं. अनुवेणी पोहत खडकावर आली, जहाजाचा दोर तिने कमरेला गुंडाळला आणि पाय रोवले. तळहात सोलले, तरी जहाज तळाला बसेपर्यंत दोर सोडेना. ते पाहून वैरोच किनाऱ्याकडे वळला म्हणे. आपल्या जहाजात दगड भरू लागला. मग त्याच्यामागून बाकीचेही. दिवस मावळायच्या आत लाटा बाहेरच अडल्या.

एक जहाज तेवढं उरलं. ज्यांना इथे राहवेना, ते त्यातून गेले. अनुवेणीने त्यांच्याजवळ आईसाठी निरोप दिला, "सुखरूप आहे. येणार नाही."  मग ती वाहून गेलेली घरं बांधायला लागली.

आजही दरवर्षी पावसाळ्यानंतर समुद्र निवळला की सारं शहर, यक्ष काय नि माणसं काय, बांधावर एकेक दगड ठेवतं. पहिला दगड अनुवेणीचाच. यक्षांना आयुष्य मोठं. ती यातलं काहीच सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो. दगड नीट बसला का ते पायाने दाबून पाहते, आणि म्हणते, "हं, पुढचा आणा."