केरोबाच्या हातातलं टोक

फार वर्षांपूर्वी, म्हणजे चिंचखडीला रस्ता नव्हता, नळ नव्हता आणि आमच्या प्रार्थनामंदिराला घंटासुद्धा नव्हती, तेव्हा आमच्या वस्तीत केरोबा नावाचा एक दोर वळणारा राहायचा. त्याची गोष्ट मी निदान पन्नास वेळा ऐकली असेल आणि वीसेक वेळा सांगितली असेल. अजूनही ती मला पुरती कळलेली नाही. तुम्हाला कळली तर मला जरूर सांगा, मी रागावणार नाही.

वस्ती गावकुसाबाहेर होती. आठ-दहा घरं, सगळी दोर वळणाऱ्यांची. केरोबाच्या बापाच्या काळात त्या सगळ्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण गावाच्या लेखी काही बदललं नाही. गावाला वस्तीचे दोर चालायचे, वस्तीचे हात चालायचे नाहीत. केरोबाने दोर भुईवर ठेवायचा, गावकऱ्याने त्यावर पाणी शिंपडायचं आणि मग तो उचलायचा. पाण्यासाठी वस्तीची वेगळी विहीर होती, उतारावर खडकात खोदलेली. ती इतकी खोल होती की तिचा तळ कुणी पाहिलाच नव्हता, असं म्हणतात.

आता दोर कसा वळतात ते ऐका, नाहीतर पुढचं डोक्यात शिरणार नाही. घायपाताची पानं कुजवून, बडवून त्यांचे पांढरे धागे काढतात, त्याला वाख म्हणतात. दोर वळायला माणसं दोन लागतात. एक जण बसून चाक फिरवतो. दुसरा दोराचं मोकळं टोक हातात धरतो, त्यात वाख भरत जातो आणि पाठमोरा मागे मागे चालतो. चाकाकडून पीळ येतो, हातातून वाख जातो आणि मधल्या जागेत दोर तयार होतो. केरोबाच्या चाकावर त्याची बायको सगुणा बसायची. केरोबा मागे चालायचा. निम्मं आयुष्य त्याने मागेच चालण्यात घालवलं, त्यामुळे वस्तीतला दगड न् दगड त्याच्या टाचांना ठाऊक होता.

लग्नाला नऊ वर्षं झाली आणि सगुणाला दिवस गेले. त्याच वर्षी दुष्काळ पडला. वस्तीची विहीर रोज एक पाऊल खाली जायला लागली. वस्तीतली माणसं बिऱ्हाडं डोक्यावर घेऊन नदीकडे निघाली. नदी बारा कोसांवर. केरोबानेही गाठोडं बांधलं, तेव्हा भागामावशी नावाची वस्तीतली म्हातारी सुईण दारात आडवी उभी राहिली.

"हिला चालवलीस तर वाटंतच जाईल," ती म्हणाली. "ही बी आन् प्वार बी."

केरोबाने गाठोडं सोडलं. म्हणजे आता विहीर टिकली तर सगुणा टिकणार होती आणि विहीर हातची गेली तर ती जाणार होती. दुसरी वाटच उरली नव्हती.

त्या दिवशी विहिरीशेजारी दोर वळत असताना केरोबाला कुणीतरी म्हणालं, "दोर थांबवू नको." मागे कुणी नव्हतं. पुढे सगुणा होती, तिने काही ऐकलं नव्हतं. केरोबा प्रार्थना करणारा माणूस होता, त्यामुळे आवाज कुणाचा हे त्याला लगेच कळलं. बाकी काहीच कळलं नाही. त्याने विचारलं, "बापा, किती वळू? कशापायी?" उत्तर आलं नाही. तो दिवसभर विचारत राहिला, तरी आलं नाही.

महिन्यातून एकदा तट्टावर बसून तिमथी पाळक वस्तीत यायचे. केरोबाने त्यांना गाठलं. पाळक म्हणाले, "बाबा, पाऊस पडावा म्हणून प्रार्थना कर." केरोबा म्हणाला, "करतो की. पन मला पावसाचं न्हाई सांगितलं, दोराचं सांगितलं." पाळकांनी बराच वेळ दाढी खाजवली. मग म्हणाले, "तर मग दोर वळ." आणि तट्टावर बसून निघून गेले. मला ते पाळक फार आवडतात.

घरात खुंटीला वाखाची एकच जुडी लटकत होती. नवा वाख कुजवायला पाणी कुठलं? पण असं म्हणतात की केरोबा रोज सकाळी त्या जुडीतून मूठभर वाख काढायचा आणि दुसऱ्या दिवशी जुडी तेवढीच असायची. त्याने दोन मुठी काढून पाहिल्या, तर दुसऱ्या मुठीचे धागे वाळक्या गवतासारखे तुटले. एका मुठीत दोर एक पाऊल वाढायचा. पाणीही रोज एकच पाऊल खाली जायचं. सकाळी वळायचं, मोकळ्या टोकाला गाठ मारायची, चाकाकडचं टोक सोडून पोहऱ्याला बांधायचं आणि विहिरीत टाकायचं. पोहरा पाण्याला जेमतेम टेकायचा. दुसऱ्या दिवशी गाठ सोडून पुन्हा तेच. केरोबाला याचं गणित सुटत नव्हतं. देवाच्या मनात असेल तर तो पाणी वर का आणत नाही? दोर कशाला लांबवत बसायचा? मलाही हे सुटलेलं नाही.

आठव्या महिन्यात सगुणाला बसवेना. भागामावशीने तिला निजवून ठेवलं आणि सांगितलं, उठायचं नाही. चाकावर बसायला कुणी उरलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी केरोबाने दोर चाकाला बांधला, सवयीने जाऊन आपलं टोक धरलं, गाठ सोडली आणि उभा राहिला. चाक फिरायला लागलं.

सूर्य नुकताच वर आला होता आणि चाकाच्या बरोब्बर मागे होता. केरोबाला उजेडात काही धड दिसेना. त्याने घराकडे तोंड करून हाक मारली, "सगुणे, तू उठलीस व्हय गं?"

"मी हितंच पडलीय," आतून सगुणा म्हणाली. "का वो?"

केरोबा पुन्हा चाकाकडे वळला. हातातल्या वाखाला पीळ बसत होता. त्याने एक पाऊल मागे टाकलं. त्या दिवशी सगुणाला पाणी मिळालं. दुसऱ्या दिवशीही मिळालं. असे तेवीस दिवस गेले, असं म्हणतात.

चोविसाव्या दिवशी त्याची चूक झाली. त्याची बोटं चिरली होती, वाखाला रक्त लागत होतं आणि डोक्यात तोच प्रश्न घोळत होता. जो न दिसता चाक फिरवतो, त्याला हे टोक धरता येणार नाही का? मग मी इथे कशाला? मी मध्येच लुडबूड तर करत नाही ना? हा माज नव्हता, खरंच नव्हता. तो दमला होता आणि गोंधळला होता. त्या दिवसाचं पाऊल टाकून झालं आणि गाठ मारायच्या आधीच तो मोठ्याने म्हणाला, "बापा, तूच कर की समदं." आणि त्याने टोक सोडलं.

दोर भुईवर सापासारखा तडफडला. मोकळ्या टोकाकडून पीळ सुटत गेला, दोन पावलं दोर उकलला आणि त्याचा वाख चुरा होऊन वाऱ्यावर उडाला. चाक थांबलं. केरोबाने धावत जाऊन टोक पकडलं, पण गेलं ते गेलं. पोहरा पाण्याच्या दोन पावलं वरच लोंबकळत राहिला. त्या दिवशी सगुणाला पाणी मिळालं नाही.

तो घरात जाऊन तिच्या पायाशी बसला आणि त्याने सगळं सांगितलं. सगुणाचे ओठ फुटले होते. तिला बोलायला त्रास होत होता.

"अवं," ती म्हणाली, "त्याचं काम त्यो करतच हुता की. तुमचं कुनी करायचं?"

संध्याकाळी तिच्या पोटातलं बाळ हलेनासं झालं. भागामावशीने पोटावर हात ठेवला, पुन्हा ठेवला आणि बाजूला सरकली. केरोबा त्या संध्याकाळी लहान पोरासारखा रडला. मला हे सांगताना दर वेळी वाईट वाटतं.

सकाळी तो पुन्हा टोक धरून उभा राहिला. त्याला वाटलं होतं, आता चाक कसलं फिरतंय. पण चाक फिरलं, काही झालंच नसल्यासारखं. एक शब्द रागाचा नाही. दोर एक पाऊल वाढला. पण पाणीही एक पाऊल खाली गेलं होतं, आणि कालची दोन पावलं कमी ती कमीच.

रहाटावर जाणारा दोर वाचावा म्हणून केरोबाने रहाट काढून टाकला आणि तो विहिरीच्या काठावर पालथा पडला. कमरेपर्यंत आत वाकून, हात लांब करून दोर सोडला तर पोहरा टेकला असता. पण तसा वाकला की तो आत घसरायचा. त्याचे पाय धरायला वस्तीत भागामावशीशिवाय कुणी नव्हतं, आणि ती तर मूठभर हाडांची.

त्याने मान वर केली, तेव्हा उतारावर गाव उभं होतं. गावाची विहीर आटून तीन दिवस झाले होते. रंभाजी पाटील पुढे होते, मागे रिकामे हंडे घेऊन बायका. वस्तीच्या विहिरीवर गाव कधी आलं नव्हतं, म्हणून ते तिथेच थबकलं होतं.

"केरोबा, पाणी हाय का?" पाटलांनी लांबूनच विचारलं.

"हाय," केरोबा म्हणाला. "पन दोर पुरत न्हाई. माझं पाय धरा."

कुणी हललं नाही. ज्याच्या दोरावर पाणी शिंपडायचं, त्याचे पाय धरायचे? मग ठकूबाई कुंभारणीने हंडा खाली आपटला. "मेलं त्ये शिवाशिवीचं खूळ! माझी लेकरं घरी जिभा काढून पडल्यात," असं म्हणत ती तरातरा उतरली आणि तिने केरोबाचा एक पाय दोन्ही हातांनी धरला. क्षणभराने पाटलांनी पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि दुसरा पाय धरला.

केरोबा विहिरीत वाकला. पोहरा बुडाला. माणसांनी त्याला पाय धरून मागे ओढलं आणि पाणी वर आलं. पाटील म्हणाले, "आधी तिला द्या." भागामावशीने सगुणाच्या तोंडाला तांब्या लावला. सगुणा प्यायली आणि थोड्या वेळाने ओरडली. बाळाने आतून जोरात लाथ मारली होती.

पुढे गाव रोज यायचं. रोज दोर एक पाऊल वाढायचा, रोज दोन पावलं कमी पडायचा आणि रोज कुणीतरी केरोबाचे पाय धरायचं. तीसच दिवसांत असा एक माणूस गावात उरला नाही ज्याने ते धरले नव्हते. केरोबाला मुलगी झाली ती त्याच दिवसांत. आता मला सांगा, त्याने टोक सोडलं नसतं तर दोर पुरला असता आणि गाव काठावर उभं राहून नुसतं पाणी मागून गेलं असतं. मग त्याची चूक झाली ते बरं झालं की वाईट? मी तीन पाळकांना विचारलं. तिघांनी तीन उत्तरं दिली आणि एकाने तर चहा मागवून विषयच बदलला. सगुणाच्या फुटलेल्या ओठांकडे बघून मला ते बरं झालं म्हणवत नाही.

मग एका सकाळी पोहरा दोन पावलं अलीकडेच बुडाला. आभाळ कोरडंच होतं, पण पाणी चढायला लागलं होतं. लोक नाचले. केरोबा मात्र बुचकळ्यात पडला, कारण दुसऱ्या दिवशीही जुडी तेवढीच होती आणि चाकही फिरत होतं. त्याने टोक धरलं आणि पाऊल मागे टाकलं.

"केरोबा, पुरे आता," पाटील म्हणाले. "दोराचं काम झालं."

"आसंल बी," केरोबा म्हणाला. "पन पुरे म्हनून त्यानं सांगितलं न्हाई."

"मग अजून कशापायी वळतोस?"

"मला ठावं न्हाई. माझं टोक माझ्या हातात हाय, येवढं ठावं हाय."

विहिरीला लोकांनी दुसरा दोर लावला. केरोबा रोज एक पाऊल मागे जात राहिला. वर्षभराने तो वस्तीबाहेरच्या चिंचेपाशी पोचला, दोन वर्षांनी माळावर. सगुणा दोराच्या कडेकडेने भाकरी घेऊन जायची आणि तिची वाट दरवर्षी थोडी लांबायची. "कुठवर जानार वो?" ती विचारायची. "मागं कुठं दिसतंय मला?" असं म्हणून तो हसायचा. अशी बारा वर्षं गेली आणि तो माळापलीकडच्या डोंगराच्या खिंडीत पोचला. एके दिवशी सगुणा भाकरी घेऊन गेली, तर दोर खिंडीच्या पलीकडे उतरला होता. ती दोर धरून चालत राहिली, चालत राहिली, पण टोक येईना. दोर ताणलेला होता आणि हाताला त्यात पीळ येताना कळत होता. तिने भाकरी तिथेच दोराखाली एका दगडावर ठेवली आणि ती परत आली. केरोबाला त्यानंतर कुणी पाहिलं नाही. सगुणा डोळे पुसून एवढंच म्हणाली, "सोडलं न्हाई त्यांनी." तो दोर पुढे वाळवीने खाल्ला असं काही जण म्हणतात, काही म्हणतात तो खिंडीपलीकडे अजून वाढतोय.

आता चिंचखडीत घरोघर नळ आहे. तरीही पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या, म्हणजे ईस्टरनंतरच्या, पहिल्या रविवारी उपासना संपली की वस्ती आणि गाव, दोन्ही विहिरीवर जमतात. रहाट काढून ठेवतात. एक वर्ष वस्तीतला माणूस काठावर पालथा पडतो आणि गावातला त्याचे पाय धरतो, पुढच्या वर्षी उलट. पहिला तांब्या गरोदर बाईला. आणि त्याच्याही आधी एक पाऊल दोर वळतात. चाकावर कुणी बसायचं नाही, हा नियम. एकाने टोक धरायचं आणि उभं राहायचं.

चाक फिरतं का, असं सगळेच विचारतात. सात वर्षांपूर्वी टोक माझ्या हातात होतं. सकाळची वेळ होती आणि सूर्य चाकाच्या मागे होता, त्यामुळे मला चाक काही दिसलं नाही. मी काय करतोय आणि कशासाठी, हे मला त्या घडीला मुळीच कळत नव्हतं आणि एकदा वाटलं, सोडून बघावं. तेवढ्यात हातातल्या वाखाला हलकेच पीळ बसल्यासारखा वाटला. मी टोक घट्ट धरलं आणि एक पाऊल मागे टाकलं.