टिटवीचा रिकामा रकाना

सुतारपक्षी सालीवर अख्ख्या रानाची नोंद कोरून ठेवायचा, त्या काळातली ही गोष्ट. विचारलं की पोपट ती नोंद घडाघडा वाचून दाखवी.

नदी चढू लागली, तशी भुरी वानरी सगळ्यांची अंडी उंचावर न्यायला निघाली.

"कुणाची किती, सांग रे पोपटा."

"साळुंकी तीन. होला दोन. टिटवी... रिकामं."

"म्हणजे एकही नाही," म्हणत भुरी टिटवीला वगळून पुढे गेली.

पाणी काठच्या वाळूला टेकलं, तेव्हा तिथल्या घरट्यातून टिटवीची हाक आली, "माझी अंडी राहिली की गं!"

भुरी धावत खाली गेली. "अगं, तुझा रकाना तर रिकामा होता!"

"शून्य तर नव्हतं ना? मी अंड्यांवरून उठलेच नाही, सुतारदादा ती मोजणार कशी?"

भुरीने अंडी कुशीत घेतली आणि टिटवीसह थेट त्या सालीपाशी गेली. रकान्याच्या माथ्यावर बारीक कोरलं होतं: 'अंडी. आकड्यात. रिकामं म्हणजे मोजायची राहिली.'

"हे का नाही वाचलंस रे पोपटा?"

"माथा कुणी विचारतच नाही," पोपट पुटपुटला.

"यापुढे मी विचारीन. आधी माथा, मग ओळी."

टिटवीने भुरीच्या कुशीत डोकावून पहिल्यांदाच अंडी मोजली. चार होती.