शेपटीवरची लग्नपत्रिका

विमानं माणसांच्या नकळत एकमेकांशी बोलत, तेव्हाची गोष्ट.

शाल्मलीच्या फळीवर खेळण्यातली दोन विमानं होती. ठिगळ्या तिने सुटे भाग जोडून महिनाभर खपून बनवला होता. चकचक्या तयारच आला होता, फक्त पंख दाबून बसवायचे होते.

“काका, तुमच्या शेपटीवर कुणाचं लग्न आहे हो?” चकचक्याने डिवचलं. ठिगळ्याच्या तुटलेल्या शेपटीला शाल्मलीने जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा चिकटवला होता. त्यावर ‘कृपया आहेर आणू नये’ एवढंच दिसत होतं.

“कुणाचं का असेना,” ठिगळ्या म्हणाला, “तू आहेर आणू नकोस म्हणजे झालं.”

रविवारी मैदानावर चकचक्या सरळ, उंच उडाला आणि चिंचेवर आदळून खाली पडला. पंख मोडला, पंखा फिरेना.

“टाकून दे, नवं आणू,” बाबा म्हणाले. हे वाक्य आपल्या तोंडात किती पटकन येतं!

“काका, मला खरंच टाकणार?” चकचक्या घाबरून पुटपुटला.

“तिने तुला आतून कधी पाहिलंच नाही रे. थांब जरा.”

“बाबा, आधी उघडून तर बघू,” शाल्मली म्हणाली. तिने ठिगळ्याचंही पोट उघडून शेजारी ठेवलं आणि त्याच्यात बघून चकचक्याची सुटलेली तार जोडली. मग पंखाला उरलेला पुठ्ठा चिकटवला.

संध्याकाळी चकचक्या जरा तिरका उडाला, पण उडाला.

“काका, माझ्यावर काय लिहिलंय?”

“‘आपली उपस्थिती हाच आहेर.’”

“म्हणजे?”

“म्हणजे आता तू घरचा झालास.”