रुसलेला नवरदेव आणि केरूशेठची सराय

"म्हैस काही परत मिळायची नाही," केरूशेठ म्हणाला आणि निवांतपणे पानाला चुना लावू लागला.

हा केरूशेठ म्हणजे गावातल्या एकुलत्या एका सरायचा मालक. हरबा कुंभाराच्या येसूचं लग्न पौर्णिमेला ठरलं होतं. नवऱ्याकडचं वऱ्हाड उतरायला जानवसघर हवं, म्हणून हरबाने त्या दिवसापुरती अख्खी सराय धरली आणि विसार म्हणून घरची दुभती म्हैस, मोरणी, तिथे नेऊन बांधली. आणि नेमक्या लग्नाच्या तोंडावर नवरदेवाला निघाल्या कांजिण्या! मुहूर्त गेला पुढच्या महिन्यात.

"म्हैस नसेल द्यायची तर राहू द्या, शेटजी," येसू म्हणाली. "नुसता दिवस तेवढा बदलून द्या."

"दिवसही बदलणार नाही. ठरलं ते ठरलं. पौर्णिमेच्या सकाळपासून नवरदेव बोहल्यावर जायला उठेपर्यंत सराय तुमची, वऱ्हाडाचा मानपान माझ्याकडे. आलात तर पायघड्या घालतो, नाही आलात तर कुलूप घालतो. विसाराचं नाव काढायचं नाही."

येसूने मनाशी हिशेब मांडला. म्हैस गेली तर दुसरा विसार आणायचा कुठून? जानवसघर नाही म्हटल्यावर वऱ्हाड येणार नाही, आणि होणारी सासू तर नाकाने कांदे सोलणारी. लग्नच मोडायचं की! आणि मुलगा तिला मनापासून आवडला होता, अगदी कांजिण्यांसकट.

ती तडक राजाकडे गेली. पण राजा शेटजीच्या वरताण हट्टी. एकदा भर वैशाखात तो झोपेत "शेकोटी पेटवा" असं बरळला होता, तर शब्द फिरवायचा नाही म्हणून सगळा दरबार घाम पुसत शेकत बसला होता.

"ठरलं ते ठरलं," राजाही म्हणाला. "करारातला एक शब्द हलणार नाही. पण पोरी, तू धीट दिसतेस. शब्द न हलवता केरूशेठकडून त्याच्याच हाताने म्हैस घेऊन दाखव, मग मागशील ते देऊ."

दरबारी तोंडावर उपरणं धरून हसले. येसूने मुजरा केला आणि घरी येऊन माती मळायला बसली.

पौर्णिमेच्या सकाळी ताशे वाजवत वऱ्हाड सरायच्या दारात हजर! कुंभारवाड्यातल्या झाडून साऱ्या म्हाताऱ्या, साऱ्या पोरी, आणि मधोमध पाटावर मुंडावळ्या बांधलेला हातभर उंचीचा मातीचा बाहुला. गाल टम्म फुगलेले, ओठ पुढे काढलेले.

"हे काय आहे?" केरूशेठने विचारलं.

"नवरदेव," येसू म्हणाली.

"हा?"

"नवरदेव कशाचा असावा, ते आपलं कुठे ठरलं होतं, शेटजी?"

केरूशेठने डोकं खाजवलं. ठरलं नव्हतं खरं. बाहुला-बाहुलीचं लग्न तर त्याच्या नातीनेही मागच्याच वर्षी वाजतगाजत लावलं होतं. त्याने मुकाट्याने दार उघडलं, पाय धुवायला पाणी दिलं, जेवणाच्या पंगती उठवल्या. फक्त एक डोळा सूर्याकडे. कारण लग्न पुढे गेलेलं ऐकून या पठ्ठ्याने संध्याकाळपासून तीच सराय शिकारीला निघालेल्या राजालाच देऊन टाकली होती.

ऊन उतरलं तसा तो घायकुतीला आला. "चला, उठा आता. गोरज मुहूर्त टळेल."

"कसे उठणार?" येसूने डोक्याला हात लावला. "नवरदेव रुसलाय. बघा की तोंड."

तोंड तर रुसलेलंच होतं. आणि रुसलेल्या नवरदेवाला उचलून न्यायचं नसतं, त्याची समजूत काढायची असते, हे केरूशेठला कोणी सांगायला नको. मानपान तर त्याने आपणहून अंगावर घेतलेला.

"काय हवंय त्याला? तूच विचार ना."

"मी पडले नवरीकडची. लग्नाआधी नवरदेवाशी बोलेन होय?"

केरूशेठने बाहुल्यापुढे लाडू धरला. वरमाय होऊन बसलेल्या गोदाआत्या फणकारल्या, "लाडवावर भागवताय? आमचा मुलगा काय रस्त्यावर पडलाय?" केरूशेठने जरीचं उपरणं आणलं. मग बोटातली अंगठी काढली. बाहुला ढिम्म.

इतक्यात तुताऱ्या वाजल्या आणि राजाची स्वारी दारात थांबली. सराय भरलेली कशी, असं राजाने विचारलं. येसूने करार सांगितला.

"मग नवरदेव उठेपर्यंत आम्ही बाहेरच थांबणार," असं म्हणून राजा चिंचेखाली दगडावर बसला. मेण्यातून राणीसाहेबांनी डोळे वटारले, ते मात्र केरूशेठवर.

केरूशेठ गुडघ्यांवर आला. बाहुल्यापुढे हात जोडून म्हणाला, "जावईबापू, माझे आई, काय हवं ते मागा, पण उठा!"

तेवढ्यात मागच्या गोठ्यात मोरणी हंबरली. गोदाआत्यांनी बाहुल्याच्या तोंडाला कान लावला. "म्हैस म्हणतोय. आणि दावं येसूच्या हातात द्या म्हणतोय."

केरूशेठ धावत गेला, म्हैस ओढत आणली आणि दावं येसूच्या हातात कोंबलं. येसूने मोरणीच्या पाठीवरून हात फिरवला, दुधाच्या एका धारेत अंगठा ओला केला आणि बाहुल्याच्या ओठांवरून हलकेच वर फिरवला. ओली माती वळली. नवरदेव गालात हसला. वऱ्हाड ताशे वाजवत उठलं.

राजा इतका हसला की पगडी चिंचेखाली घरंगळली. "पोरी, बाहुला कच्चा का ठेवलास?"

"महाराज, शेटजींचा करार आधीच कडक भाजलेला. नवरदेवही भाजला असता, तर आपल्याला चिंचेखालीच मुक्काम पडला असता."

राजाने डोळे पुसले. "माग काय हवं ते."

"नवरदेव बरा झाला की ही सराय. दिवस कुठलाही, विसार नाही."

"दिली. खर्च आमचा. पण खरा नवरदेव रुसला तर गं?"

येसूने केरूशेठकडे पाहिलं. तो अजून हात जोडूनच उभा होता.

"शेटजी आहेत की, महाराज. त्यांचा हात आता बसलाय."