बाईंच्या समांतर रेषा

एका गावात एक भोळा माणूस होता आणि, गावाचं नशीब म्हणा, त्याला कॉम्प्युटर येत होता. त्याचं नाव सुभाना. त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. एकदा गावातल्या एका पुढाऱ्याने सांगितलं, "फोटो मोठा टाक." सुभानाने एवढा मोठा टाकला की फ्लेक्सवर नुसतं नाकच मावलं. गावाने ते लगेच ओळखलं, हा भाग वेगळा.

सुभाना चित्र हाताने काढत नसे. तो कॉम्प्युटरला आज्ञा लिहून द्यायचा आणि कॉम्प्युटर काढायचा. कॉम्प्युटरही सांगितलं तेवढंच करणारा. दोघांचं छान जमायचं.

त्याच्याकडे शाळेतल्या हेमलताबाई आल्या. बाईंनी जन्मभर फळ्यावर हाताने वर्तुळं काढली आणि पोरांनी जन्मभर त्यांना अंडी म्हटलं. आता बाई निवृत्त होणार होत्या. जाण्याआधी शाळेच्या भिंतीवर भूमितीच्या चार सुबक आकृत्या लागाव्यात, एवढीच त्यांची इच्छा. उद्या सकाळी उद्घाटन. दुकानात फ्लेक्सचा एकच रोल शिल्लक होता, तो सुभानाने बाईंसाठी राखून ठेवला होता.

"आधी एक त्रिकोण काढ," बाई म्हणाल्या.

सुभानाने काढला. तिन्ही बाजू अगदी सारख्या.

"अरे, असा काढलास तर पोरांना वाटेल, सगळे त्रिकोण असेच असतात. जरा कमीजास्त ठेव."

"समजलं," सुभाना म्हणाला. त्याने त्रिकोण सुधारला. तो खरंच चांगला झाला.

"आता वर्तुळ."

सुभानाने वर्तुळ काढलं. जरा कमीजास्त ठेवून.

बाईंनी चष्मा पुसला. "सुभान्या, हा बटाटा आहे."

"तुम्हीच म्हणालात, कमीजास्त ठेव."

"ते त्रिकोणाचं! माझ्या अंड्यांवर पोरं हसली, तुझ्या बटाट्याला काय म्हणतील? इथे अंतर सगळीकडे सारखं ठेवायचं. सारखं!"

"समजलं." त्याने वर्तुळ सुधारलं. इतकं गोल की बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा."

सुभानाने दोन रेषा काढल्या. अंतर सगळीकडे सारखं.

"अरे, पण या भेटतच नाहीत!"

"अंतर मोजून घ्या, बाई. केसाचाही फरक नाही."

बाईंनी कपाळावर हात मारला. "छेदणाऱ्या म्हणजे भेटणाऱ्या! भेटेपर्यंत वाढवत ने. भेटल्या की त्या बिंदूला 'प' असं नाव दे. नाव दिल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस!"

"समजलं." रेषा भेटल्या. 'प' झाला.

बाईंचा जीव भांड्यात पडला. "आता शेवटची आकृती, समांतर रेषा. ती काढ आणि चारही छापायला घे. मी चहा घेऊन येते."

बाई पलीकडच्या टपरीवर गेल्या. सुभानाने वीतभर अंतरावर दोन समांतर रेषा काढल्या. आणि नवीन शिकवण विसरायला नको म्हणून खाली आज्ञा लिहिली: रेषा भेटेपर्यंत वाढवत ने. मग ताजी आकृती आधी, म्हणून तीच छापायला घेतली.

यंत्र सुरू झालं. फ्लेक्स टेबलावरून खाली आला. दारातून बाहेर पडला. सुभाना त्याचं टोक धरून रस्त्याने चालू लागला. ट्रॅक्टरवाल्याने ट्रॅक्टर बाजूला घेतला. कुणी मंत्री येतोय असं वाटून दोघांनी चपला काढल्या.

"काय रे, हे कुठवर?" एकाने विचारलं.

"भेटेपर्यंत," सुभाना म्हणाला.

दूध डेअरीपाशी रोल संपला. भिंतीवर लागायचं होतं ते सगळं आता रस्त्यावर पडलं होतं. रेषा काही भेटल्या नव्हत्या. सुभानाला वाईट वाटलं. बाईंना तोंड कसं दाखवायचं?

त्याने मागे वळून पाहिलं आणि उडीच मारली. लांब, दुकानाच्या दारात, दोन्ही रेषा एकमेकींना टेकल्या होत्या! आणि बरोबर त्या जागी, हातात चहाचे दोन कप घेऊन, बाई उभ्या होत्या.

सुभानाने खिशातून फ्लेक्सवर लिहायचं जाड पेन काढलं. ऊनपावसातही वर्षभर न जाणाऱ्या शाईचं. 'प' अजून लिहिला नव्हता, तेव्हा तोंड दाखवायची सोय नव्हती. म्हणून त्याने रुमालाने तोंड बांधलं आणि धावत सुटला.

"सुभान्या!" बाई ओरडल्या. "माझा रोल! उद्या पाहुणे येणार, मी त्यांना काय दाख—"

"हलू नका, बाई. तुम्ही हललात तर आकृती चुकेल."

बाईंच्या दोन्ही हातांत गरम चहा. त्यांना हलताही येईना. सुभानाने त्यांच्या कपाळावर मधोमध, ठळक आणि सुबक अक्षरात, 'प' लिहिला.

मग दोन पावलं मागे सरून त्याने तो नीट न्याहाळला, रुमाल सोडला आणि समाधानाने विचारलं, "बाई, आता तोंड दाखवलं तर चालेल ना?"