मुंगुसाची ओटी

एकदा एका अभयारण्याच्या वेशीवरच्या गावात एक वृद्ध गुरुजी राहत असत. गावातल्या मुलांना ते मोठ्या हौसेने इंग्रजी शिकवीत. त्यांची एक विद्यार्थिनी होती, कालिंदी. नुसत्या आवाजावरून पाखरू ओळखणारी पोर! अभयारण्यात गाईडची नोकरी मिळावी, हाच तिचा ध्यास. आणि ऐन मुलाखतीच्या सकाळी ती डोळे पुसत गुरुजींच्या दारात उभी राहिली.

"गुरुजी, मी नाही जात. सगळं इंग्रजीत बोलायचंय म्हणे. परक्याच्या घरात चोरासारखं शिरल्यागत वाटतं मला. एक शब्द चुकला की हसतील."

गुरुजींनी पाटीवर इंग्रजीत एकच शब्द लिहिला, ती पाटी पाटावर मांडली आणि आत बायकोला हाक मारली, "अहो, ऐकलंत का? लेक आलीय. ओटी भरा!"

काकूंनी हसतहसत पाटीला हळदकुंकू लावलं. पुढ्यात खण, तांदूळ, नारळ ठेवला. कालिंदी बघतच राहिली. म्हातारपणी गुरुजींचं डोकं फिरलं की काय?

"वाच तो शब्द."

"मंगूस," ती पुटपुटली.

"अगं, आपलं मुंगूसच ते!" गुरुजींचा आवाज आनंदाने चढला. "मराठीच्या घरातून इंग्रजीकडे नांदायला गेलेली ही लेक. तिकडे शेवटचं 'गूस' ऐकून कुणी तिला हंसाची बहीण समजतं, आता बोल! आणि ती एकटी नाही हं. हिंदीकडून खाट 'कॉट' होऊन गेली, जंगल गेलं. लूट तर त्यांनी लुटूनच नेली! पोरी, जिथे आपली लेक नांदते ते घर परकं कसं? ते व्याह्यांचं घर. तिथे माणूस जपून बोलतो, पण दार वाजवायला भीत नाही. ऊठ, उशीर होईल."

कालिंदी गेली. मुलाखतीत तिचं पहिलंच वाक्य गडबडलं आणि समोरचे साहेब हसले. मग तीही हसली आणि इंग्रजीतच म्हणाली, "चुकलं माझं. बरोबर कसं म्हणतात, सांगा ना."

साहेबांनी सांगितलं. तिने वाक्य नीट म्हटलं आणि जंगलाबद्दल बोलत जी सुटली, ती पाणवठ्यावरच्या वाघाच्या ठशांपाशीच थांबली. साहेबांनी खुर्ची पुढे ओढून विचारलं, "कामावर कधीपासून येतेस?"

वाचकहो, ज्या दारात आपली चूक दुरुस्त करून मागायला लाज वाटत नाही, ते दार आपलंच झालेलं असतं.